बुधवारचा उपास

९ फेब्रुवारी २०२५

चि. अनघा,

तुझा निरोप अनिताच्या मोबाइलवर आला. सूनबाई कुसगावच्या हॉटेलातून ड्युटी संपवून आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. सरूआजीला परत ऐकायचा होता म्हणून परत वाचला. "आबा, उत्तर पत्रानंच पाठवा, मला तुमचं अक्षर हवं" असं तू लिहिलंस. माझं अक्षर ते काय गं! शाळा दुसरीत सुटली. पुढं लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात पाक ढवळायला लागलो, तिथं पुड्या बांधायच्या रद्दीवर वाचायला शिकलो. बातमी अर्धी वाचून होईतो पुडी गिऱ्हाइकाच्या हातात जायची. म्हणून माझं लिहिणंही कुठंतरी सुरू होतं आणि कुठंतरी थांबतं. सांभाळून घे.

तुझा अहवाल तिकडे हॉलंडात पास झाला, तुझ्या मास्तरांनी वाखाणला, आणि आता तुझी युनिव्हर्सिटी दरवर्षी आपल्या वाडीत मुलं पाठवणार, गावानं आपल्या पायावर कसं उभं राहावं ते शिकायला. यंदा जुलैत लावणी बघायला तू स्वतः तीनचार मुलं घेऊन येणार. ऐकून बरं वाटलं. सरूआजीनं तर गोधड्यांचा हिशेब लगेच सुरू केला.

गेल्या साली तू पहिल्यांदा आलीस ते आठवतं. पुण्यातल्या आजीनं शिकवलेलं स्वच्छ मराठी बोलणारी, हॉलंडात वाढलेली मुलगी आमच्या ओट्यावर बसून विचारत होती, "आबा, सावड म्हणजे नेमकं काय?" मी म्हणालो, आज सगळ्यांनी मिळून माझ्या खाचरात भात लावायचा, उद्या रखमाजीच्या, परवा तिसऱ्याच्या. मजुरी नाही. ज्याचं खाचर त्याच्या घरचं दुपारचं जेवण, बांधावर, सगळ्यांनी मिळून. तू म्हणालीस, मग बंद का पडली? मी म्हणालो, पोरं हॉटेलांत आणि कंपन्यांत गेली, हात उरले नाहीत. तू म्हणालीस, "वरच्या आळीचे हात कमी आहेत, विहाराकडच्या आळीचेही कमी आहेत. मग दोन्ही आळ्यांची एकच सावड का नाही करत?"

आमच्या म्हाताऱ्या डोक्यांत हे कधी आलं नव्हतं. किंवा आलं असेल, पण आम्ही ते बाहेर येऊ दिलं नव्हतं. तू घरोघर फिरलीस आणि सगळे हो म्हणाले. पाहुण्या पोरीला नाही कोण म्हणणार?

आता एक विचारतो. "उपासाचा दिवस" नावाचं पान तू अहवालात घातलंस आणि तेच मास्तरांना सगळ्यात आवडलं, असं अनितानं वाचलं. विहाराकडच्या आळीतल्या चंपाच्या खाचरात वरच्या आळीच्या बायका दिवसभर उपाशीपोटी राबल्या, शेजारधर्म म्हणजे काय ते तिथं कळलं, वगैरे. तेवढं पान काढता येईल का? उगाच आपलं. उपास-तापास ही काय पुस्तकात घालायची गोष्ट आहे? भाताबद्दल लिही, शेणखताबद्दल लिही.

चंपाची विचारपूस केलीस. बरी आहे. तिची नात पायल लोणावळ्याला कॉलेजात जाते, एसटीच्या वेळेला दिसते. चंपा हल्ली आमच्या ओट्याकडे येत नाही. गुडघे धरलेत म्हणे. म्हणे म्हणजे, मी विचारलेलं नाही.

तुझा,
गेणूआबा


४ मे २०२५

चि. अनघा,

राब भाजून झाले. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, फांद्या रचून वर माती टाकून पेटवतात, त्याला तू नाक मुरडायचीस. धुरानं आभाळ बिघडतं म्हणायचीस. यंदा तुझी आठवण काढून मी फांद्या निम्म्याच घेतल्या. रखमाजी बघून म्हणाला, "गेण्या, राब भाजतोयस का आगटी शेकतोयस?" हसू दे. रोप उगवेल तेव्हा बघू.

लिहायचं कारण वेगळंच. तू जुलैत येऊ नकोस, असं मला वाटतं. कामशेतपासून रस्ता उकरून ठेवलाय, एसटी कुठपर्यंत येईल त्याचा नेम नाही. मागच्या खोलीची कौलं काढायचीत. पाणीही यंदा गढूळ येतं. परदेशातल्या मुलांची पोटं नाजूक. दिवाळीनंतर या, भात झोडायला. तेव्हा हवा गार असते.

हे मी लिहितोय आणि सरूआजी शेजारी बसून गोधडी शिवतेय. तिला काय लिहिलं ते सांगितलं तर म्हणाली, "कौलं कुटली काढताय? गेल्या सालीच तर शाकारली." मी म्हणालो, तू शीव.

सावडीची जुळवाजुळव सुरू आहे. चंपा जळणासाठी फांद्यांचे भारे बांधत होती तिथं मीच गेलो होतो. म्हणालो, "चंपे, यंदा तुझं खाचर कुणाच्या मागनं धरू? माझ्या का रखमाजीच्या?"

"माझं धरू नका, भाऊ."

"का गं?"

"गुडघं."

एवढं बोलून तिनं राहिलेला फांद्यांचा भारा डोक्यावर घेतला आणि चढणीनं अशी गेली की मला धाप लागली नुसतं बघून.

तिच्या आळीतलं दुसरं कुणी अजून हो म्हणालेलं नाही. नाहीही म्हणालेलं नाही. विचारलं की सगळे डोंगराकडे बघतात.

म्हणून म्हणतो, दिवाळीनंतर ये.

गेणूआबा


८ जून २०२५

अनघा,

तुझा निरोप एकाच ओळीचा होता. "आबा, त्या दिवशी तुमचा खरंच उपास होता?"

अनितानं वाचला आणि फोन माझ्यापुढं धरून उभी राहिली. मग तिनंच सांगितलं की पायलनं तुला फोन करून सगळं सांगितलंय. तुझ्या अहवालातलं ते पान तू पायलला पाठवलं होतंस, आजीला वाचून दाखव म्हणून. पायलनं वाचून दाखवलं. चंपानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चांगलं लिवलंय पोरीनं." पायलला ते सहन झालं नाही.

नव्हता. माझा उपास नव्हता. कुणाचाच नव्हता.

बुधवार होता. एकादशी पुढच्या आठवड्यात, चतुर्थी होऊन गेलेली. बुधवारी आमच्याकडे कोण उपास करतं? तू हे कुणाला विचारलंही नसशील, कारण तुला संशय यायचं काही कारणच नव्हतं. तुला वाटलं, असेल काहीतरी यांचं व्रत.

आता झालं तसं सांगतो. तू चिखलात चंपाच्या आळीतल्या बायकांबरोबर होतीस, बांधावरचं सगळं बोलणं तुला ऐकू आलं नसेल.

त्याआधी आठवडाभर चंपा, तिचा मुलगा प्रज्ञेश, त्यांच्या आळीतले सगळे आमच्या खाचरांत राबले. माझ्या बांधावर सगळ्यांबरोबर जेवले. सरूनं वाढलं, त्यांनी खाल्लं, चंपानं आमटीची चव वाखाणली. तू फोटो काढलेस. सगळ्यांना वाटलं, झालं की, दोन आळ्या एक झाल्या. पण वाढणं सोपं असतं गं. वाढताना आपला हात वर असतो. खरं कोडं चंपाची पाळी आल्यावर पडणार होतं, आणि वरच्या आळीत हे प्रत्येकाला आधीपासून ठाऊक होतं. तुला सोडून.

आदल्या दिवशी बायका पाण्यावर भेटल्या. कोण पहिलं बोललं ते सरू अजून सांगत नाही. नाही जाऊन चालणार नव्हतं, तू बघत होतीस, आणि चंपाची माणसं आमच्यात राबून गेली होती. जाऊन जेवायचं, तर कुणाला धीर नव्हता. मग कुणीतरी वाट काढली: उपास सांगायचा. अन्नाला नाव ठेवायला नको, माणसाला नको, पाहुणीचा मान राहील. सगळ्यांना ती वाट फार शहाणपणाची वाटली. प्रत्येकीला वाटलं, आपल्यासारख्या दोघीतिघी सांगतील. सांगितला सगळ्यांनी.

चंपानं पहाटेपासून रांधलं होतं. तांदळाच्या भाकरी, चवळीची आमटी, बोंबलाची चटणी, वर गुळाची खीर. पायल आणि ती दोघी पाट्या डोक्यावर घेऊन बांधावर आल्या, केळीची पानं मांडली. आमच्या बायका चिखलातून वर आल्या, हातपाय धुतले आणि पलीकडच्या बांधावर जाऊन बसल्या, प्लॅस्टिकचे कागद पांघरून.

चंपा म्हणाली, "या की गं, बसा. निवतंय सगळं."

भागुबाई म्हणाली, "आमचा उपास हाय आज."

"सगळ्यांचा?"

"व्हय. सगळ्यांचा."

चंपानं हातातली पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "मग च्या टाकते. उपासाला च्या चालतो की."

"आमचा कडक हाय," भागुबाई म्हणाली. "पाणी बी न्हाई."

पाऊस डोक्यावर, ओठांवरून पाणी गळतंय, आणि पाणी बी न्हाई.

तेव्हा तू मान वर करून मला विचारलंस, "आबा, तुमचासुद्धा?" चंपा माझ्याकडे बघत होती. लहानपणी आम्ही दोघांनी एकाच ओढ्यात खेकडे धरलेत, पोरी. त्या आमटीचा वास माझ्या नाकात होता. मी तोंडानं काही बोललो नाही. मान हलवली.

तू आणि चंपाच्या आळीतली माणसं जेवलात. तू दोनदा खीर घेतलीस. आम्ही पुन्हा चिखलात उतरलो आणि दिवस मावळेपर्यंत रिकाम्या पोटी रोपं लावली. पोटात कावळे ओरडत होते, पण आता खाणार कसं? सांगून बसलो होतो ना. तुझ्या पानात लिहिलंय त्यातलं तेवढं मात्र खरं आहे, आम्ही उपाशी राबलो. उरलेल्या अन्नाचं चंपानं काय केलं ते मी विचारलं नाही.

तू तिकडे वाढलीस, तुला जातीचं सांगायला आम्हाला लाज वाटली. पण चंपाला अन्नासकट परत पाठवायला नाही वाटली. दोन्ही लाजा एकाच माणसाच्या, आणि मोठी कुठली ते आम्हाला त्या दिवशी कळलं नाही.

पान काढ म्हणालो होतो. आता काढू नकोस. खरं लिही. माझं नाव घालून लिही.

गेणूआबा


६ जुलै २०२५

अनघा,

तुझं उत्तर आलं नाही. अनिताला तू कळवलंस, की अहवाल परत मागून घेतलास आणि मास्तरांना सगळं सांगितलंस. तिनं हे मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. "आबांना मी आता लिहिणार नाही" असंही तू म्हणालीस का, ते मी तिला विचारलं नाही. लिहू नकोस. मी लिहितो. वाचायचं तर वाच.

ज्येष्ठ सरता सरता मारुतीच्या देवळात सावडीची बैठक झाली. मी उभा राहून बोललो. असा कधी बोलत नाही. म्हणालो, यंदा सावड दोन्ही आळ्यांचीच धरायची, आपण सगळ्यांनी जाऊन चंपाला बोलवायचं, आणि तिच्या पाळीला तिच्या बांधावर जेवायचं. उपास नाही, सबब नाही.

मग रखमाजी तंबाखू मळत म्हणाला, "तू जेव की. तुला कुणी धरलंय का?"

"मी एकटा न्हाई म्हणत. सगळ्यांनी."

"मग सगळ्यांना कशाला वढतोस? तुझं पोट, तुझी मर्जी. आमी कुणाला वाईट बोललोय का? आमी तिच्या खाचरात राबलो की."

हे त्याचं खरं होतं.

अनिता दारात उभी होती, हॉटेलच्या कपड्यांत, नुकतीच आलेली. ती म्हणाली, "मामंजी बोलतात त्यात काय वाईट आहे? कुसगावला चंपाआजीची भाची आणि मी एका डब्यात जेवतो. रोज. वाडीत आलं की पोटं बदलतात का आपली?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सूनबाई हॉटेलात शिकल्या." हशा पिकला. बैठक तिथंच संपली. कुणी नाही म्हणालं नाही, कुणी हो म्हणालं नाही.

घरी आल्यावर सरू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट सरकवत म्हणाली, "अपेक्षाच्या सोयरिकीचं बोलणं चाललंय. नातीचं कुटं जमलं की मग काय ते समाजकार्य करा." मी म्हणालो, तुझा जीव त्या दिवशी बांधावर तुटला नाही का? ती म्हणाली, "तुटला तर. म्हणून तर रात्री भाकर गेली न्हाई." हे तिनं वर्षभर सांगितलं नव्हतं. तिच्यावर रागवायलाही मला जागा उरली नाही.

मग मी एकटाच चंपाकडे गेलो. म्हटलं, निदान माझ्या घरातले हात तरी तिच्या लावणीला देऊ, मी आणि अनिता. ती खाचराच्या बांधावर उभी होती. खाचरात चिखलच केलेला नव्हता. सरळ गादीवाफे, आणि त्यावर ओळीनं भात बोटभर वर आलेला.

"हे काय?"

"बी टोकलं. प्रज्ञेशनं मोबाइलवर बघितलं, सुट्टी काढली, तिघांनी मिळून टोकलं. रोप न्हाई, चिखलणी न्हाई, लावणी न्हाई."

"म्हंजे सावड..."

"लागत न्हाई आता, भाऊ."

मी म्हणालो, चंपे, रागावलीस. ती म्हणाली, "राग कशाचा?" आणि मग पिकाकडे बघत म्हणाली, "तुमी समदे माझ्या खाचरात दिसभर उपाशी राबलात. बायाबापड्यांची तोंडं सुकून गेलती. कमळीला तर भोवळ आलती, मी बघितलं. माझ्या दारात माणसं अशी उपाशी. ते परत कोण बघंल? म्हनून म्हटलं, लावनीच नको."

मला वाटलं होतं ती बोलेल, शिव्या देईल, गेल्या सालाची आठवण काढून मला आडवा घेईल. त्याची तयारी करून गेलो होतो. तिनं आमच्याच उपाशीपणाची कीव केली. खोटा उपास तिनं खरा धरला आणि त्यातनं आम्हाला सोडवलं.

तिची आळी सावडीत नाही. वरच्या आळीतले म्हातारे हात जेवढे आहेत तेवढे आहेत. माझं रोप राबावर उभं आहे, वाढून पिवळं पडायला लागलंय. गेल्या साली या दिवसात आपली लावणी उरकत आली होती. तू गुडघाभर चिखलात उभी राहून, "आबा, माझी ओळ सरळ आहे का बघा" म्हणत होतीस. वाकडी होती. मी सरळ आहे म्हणालो होतो.

गेणूआबा


२३ जुलै २०२५

अनघा,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू विहाराकडच्या आळीत, चंपाच्या घरी आहेस. पायलच्या हातात देईन, ती देईल.

तू येणार हे मला अनितानं सांगितलं नाही. परवा एसटीतून उतरलीस, पाठीवर पिशव्या घेतलेली तीन मुलं बरोबर. तू वरच्या आळीच्या तोंडाशी थांबलीस. सरू पदर सावरून ओट्यावर उभी राहिली, तिला वाटलं येतेस. तू हात जोडलेस, नमस्कार केलास, आणि उतारानं खाली गेलीस. बरोबर केलंस. सरूनं गोधड्या परत घडी घालून ठेवल्या. मग म्हणाली, "चंपाकडं अंथरुनं पुरतील का?" आणि अंधार पडायच्या आत दोन गोधड्या अनिताच्या हातून पाठवल्या. परत आल्या नाहीत, म्हणजे घेतल्यात. तेवढं तिला बरं वाटलंय.

तुझी मुलं टोकणीचं भात बघतात, चंपा त्यांना हातवारे करून सांगते, पायल इंग्रजीत सांगते. माझ्या खाचरातून सगळं दिसतं. यंदा गावाकडून काय शिकायचं ते ती मुलं योग्य घरी शिकतायत.

आज दुपारी मी आलो होतो. तू होतीस तिथं, पण तू माझ्याशी बोलली नाहीस आणि मीही बोलायला आलो नव्हतो. मी जेवायला आलो होतो. मुद्दाम जेवणाच्या वेळेला. घरातून निघताना सरूला सांगितलं, मी चंपाकडे जेवणार आहे. ती म्हणाली, "मग रातचं बी तितंच जेवा." तिचं तोंड फिरलेलं होतं, पण छत्री तिनंच काढून दिली.

ओटीवर ताटं मांडलेली होती. तुम्ही सगळे बसत होतात. भाताची वाफ दिसत होती. चंपानं मला बघितलं, पुढं आली, खुर्ची दिली. पाणी दिलं. मी सगळं पाणी प्यालो, तांब्या रिकामा करून खाली ठेवला. तिनं विचारलं, रोप किती पिवळं पडलं. मी सांगितलं. अपेक्षाच्या सोयरिकीचं विचारलं. सांगितलं. अनिताला पगारवाढ मिळाली का विचारलं. मग पावसाचं बोलली.

तुला आमच्या रीती पुस्तकातून ठाऊक आहेत, ही कदाचित ठाऊक नसेल. आपल्याकडे दुपारी दारात आलेल्याला पहिलं विचारतात, जेवला का. चंपा तर एसटीच्या कंडक्टरला विचारते, लाइट बिल वाटायला येणाऱ्याला विचारते, वाट चुकून आलेल्या मोटारवाल्या टुरिस्टांना विचारते. गेल्या साली तुला तर तिनं रोज विचारलं.

तिनं मला विचारलं नाही.

मी वाट बघत बसलो. ताटातला भात निवत होता. मुलं ताटापुढं हात आवरून बसली होती, मी उठायची वाट बघत. तू खाली बघत होतीस. चंपाच्या तोंडावर राग नव्हता, पोरी. मी नीट बघितलं. राग असता तर मी पाय धरले असते. ती मला जपत होती. विचारलं तर गेणूभाऊला नाही म्हणावं लागेल, काहीतरी सबब शोधावी लागेल, चार माणसांत, परक्या मुलांसमोर, तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या दोस्ताला खोटं बोलावं लागेल. म्हणून तिनं विचारायचंच टाळलं. गेल्या साली तिनं विचारलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला हे शिकवलं.

शेवटी भात थंड होतोय म्हणून मीच उठलो. "येतो गं," म्हणालो. ती म्हणाली, "सावकाश जा भाऊ, चढ निसरडाय." मी दारातून वळलो आणि मागं जेवणं सुरू झाल्याचे आवाज ऐकले.

घरी येऊन मी जेवलो नाही. सरूला वाटतंय मी तिकडं जेवून आलो.

माझ्या आईनं शिकवलं होतं, दुसऱ्याच्या दारात अन्न मागू नये, बोलावलं तरच पानावर बसावं. आजवर तसाच वागलो. उद्या दुपारी मी परत येणार आहे. चंपानं खुर्ची दिली तर खुर्चीवर बसणार नाही, खाली बसेन, तुमच्या ओळीत. आणि तिला म्हणेन, चंपे, मला भूक लागलीये, मला वाढ.

तू तिथं असशील. माझ्या बाजूनं काही बोलू नकोस, मुलांना खूण करून जागा करून देऊ नकोस. तिला वाढावंसं वाटलं तर ती वाढेल. आणि नाही म्हणाली तर तिला नाही म्हणू दे, अनघा. या वाडीत ते तिनं अजून कुणाला म्हटलेलं नाही.

गेणू